पाळीवरची रोजी

कवठबोडीच्या तलावाच्या पाळीवर माती टाकायचे पैसे मिळतात, असं पूर्वी कोणी म्हटलं असतं तर गावानं त्याला वेड्यात काढलं असतं. आपल्याच चुलीत लाकूड सारायचे कोणी पैसे मागतं का? पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. सावली या बाजाराच्या गावापासून थोडं आत, झाडीला लागून हे गाव, आणि गावाच्या वरच्या अंगाला तो तलाव. तलावात पाणी असलं तर खालच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धान, आणि धान असलं तर गावाच्या ताटात भात. इतकं सरळ होतं. हे समजायला शाळेत जावं लागत नव्हतं.

मोहफुलं वेचून झाली की वैशाखात एके दिवशी कोतवाल डफ वाजवायचा. त्याच्या आदल्या संध्याकाळी लटारू घरोघर फिरायचा. हे बोलावणं करायचा मान त्याच्या घराकडे आजापासून होता. दारात उभं राहून तो एवढंच म्हणायचा, "उद्या पाळीवर." बस्स. दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरचा एक गडी फावडं-टोपली घेऊन हजर. तलावाच्या पोटातला गाळ खणायचा, पाळीवर टाकायचा, पायांनी तुडवायचा. दुपारी गावाचे जमीनदार, म्हणजे मालगुजार, गुणवंतरावांकडून भात आणि वांग्याची भाजी यायची, आणि सगळे एका पंगतीत बसायचे. जो आला नाही त्याला दंड नव्हता. फक्त रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत पाणी त्याच्या बांधीत सगळ्यात शेवटी पोचायचं, आणि विहिरीवर बाया त्याच्या बायकोशी आठवडाभर बोलायच्या नाहीत.

मग एक्कावन्न साली मालगुजारी गेली. गेली ते बरंच झालं, त्याबद्दल कोणी रडलं नाही. गुणवंतरावांनी तोंड पाडून तलाव सरकारच्या हवाली केला आणि त्या दिवसापासून वैशाखातला भात बंद झाला. तरी लोक येत राहिले. आपापली भाकर बांधून आणत. लटारू त्यांना म्हणायचा, "आता तलाव आपला झाला गा, मालगुजाराचा नाई." लोक माना डोलवायचे. पण तलाव कागदोपत्री सरकारचा झाला होता, आणि सरकार म्हणजे नेमकं कोण हे कवठबोडीत कोणाला माहीत नव्हतं.

पुढं एका साली पावसानं ऐन पोटरीत दगा दिला. धान वाळलं. सरकारनं दुष्काळी कामं काढली आहेत, सावलीच्या पुढं रस्त्यावर खडी फोडायला रोख मजुरी मिळते, अशी खबर आली. लटारूच्या डोक्यात एक विचार आला, आणि तो विचार काही वाईट नव्हता. माणसं खडी फोडायला दूर जाणार, इकडं पाळ तशीच राहणार. त्यापेक्षा तीच मजुरी पाळीवरच का मिळू नये? तो जिल्ह्याच्या गावी, चांद्याला गेला. मोठ्या कचेरीच्या ओट्यावर दोन दिवस उपाशीतापाशी बसला. शेवटी साहेबांसमोर उभं केलं तेव्हा म्हणाला, "साहेब, आमच्या घामाले काई मोल नाई का?"

साहेबांनी मंजुरी दिली. लटारू गावात परतला तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं.

काय दिवस होते ते! डफ न वाजवता माणसं येत होती. बायासुद्धा आल्या. लटारूची बायको कमळा जन्मभर राबली होती, पण तिच्या तळहातावर कोणी पैसा ठेवलेला नव्हता. पहिल्या हप्त्याच्या दिवशी तिनं ते पैसे पदराच्या गाठीत बांधले आणि रात्री झोपतानाही गाठ सोडली नाही. लटारू तिला चिडवायचा, "मालगुजारीन झाली वं तू!" ती हसायची. लटारूला वाटलं, आपण जन्माला येऊन हे एक चांगलं काम केलं.

त्या दिवसांत विकास अधिकारी पाळ बघायला आले. नागपूरकडचा तरुण माणूस, बारीक मिशा, मनानं चांगला. लटारूनं त्यांना पळसाच्या पानावर गूळ दिला. ते पाळीवर बसून खाता खाता सांगू लागले. देशात वर्षभरात जे पिकतं, जे बनतं, माणसं जे राबतात, त्या सगळ्याची दिल्लीत बेरीज होते. त्याला देशाचं उत्पन्न म्हणायचं. ते वाढलं की देश पुढं गेला.

"मंग आमी टाकलेली मातीबी त्याच्यात येते?" लटारूनं विचारलं.

"यंदाची येईल. मजुरी दिली ना सरकारनं. जिथं पैसा दिला-घेतला जातो तेच मोजता येतं."

"आन् आजवर टाकली ते? आमच्या बापजाद्याइनं टाकली ते?"

साहेबांनी हातातलं पान खाली ठेवलं. म्हणाले, "ती पाळीवर आहे, भाऊ. हिशेबात नाही."

लटारूला हे ऐकून वाईट वाटलं नाही, उलट अभिमान वाटला. बाप-आजा राबून मेले, पण त्यांचं राबणं देशाला दिसलं नाही. आपण ते दाखवलं. त्या रात्री त्यानं हे सगळं कमळाला समजावून सांगितलं. कमळाला भलतीच काळजी होती. ती म्हणाली, "ते राहू द्या. सावलीच्या बाजारात तेल काऊन महागलं ते सांगा. मीठबी महागलं. पैसा हाती आला आन् वस्तूच पळून चालल्या."

खरंच होतं. बाजारात माल होता तेवढाच. दुष्काळाचं साल, उलट कमीच. पण चार गावांच्या कनवटीला एकदमच पैसे आले होते, आणि दुकानदारांना ते माणसांच्या चेहऱ्यांवर दिसत होते. त्यांनी भाव चढवले. लोक कुरकुरले आणि चढ्या भावानं घेऊन आले, कारण हातात पैसा असताना रिकाम्या हातानं बाजारातून परत यायला कोणाला आवडतं?

पुढच्या साली पाऊस झकास झाला. दुष्काळ संपला, म्हणून दुष्काळी काम संपलं. सरकारच्या लेखी यात काहीच चूक नव्हती. वैशाख आला. लटारू पूर्वीसारखा घरोघर गेला. दारात उभं राहून म्हणाला, "उद्या पाळीवर."

"काम निघालं का भाऊ?" लोकांनी विचारलं.

"काम कायचं निघते? आपली पाळ, आपली माती."

दुसऱ्या दिवशी कोतवालानं हात दुखेपर्यंत डफ वाजवला. पाळीवर आले ते लटारू, त्याचा मुलगा इसरू आणि तीन म्हातारे. ते म्हातारे जुन्या सवयीनं आले होते, आणि त्यांच्यातला एक माती उचलायच्या ताकदीचाही नव्हता. लटारूचा शेजारी मुखरू, ज्याच्याबरोबर त्यानं लहानपणी गुरं राखली, तो संध्याकाळी भेटला. लटारूनं त्याला धरलंच.

"काऊन आला नाई?"

मुखरू भांडखोर माणूस नव्हता. त्यानं शांतपणे विचारलं, "भाऊ, मागच्या साली या मातीले पैसे होते. औंदा नाई. माती तं तेच हाय ना? मंग मी आज फुकट टाकली तं येडा मी, का मागच्या साली पैसे देनारं सरकार येडं?"

"मुखरू, पानी तुह्याच बांधीत जाते गा."

"मह्या बांधीत जाते, तसं तुमच्याबी जाते, रामाजीच्याबी जाते. रामाजी येत नाई. मी काऊन येऊ?"

जोवर कोणी मोजत नव्हतं तोवर कोणी कोणाकडं बघतही नव्हतं. आता जो तो दुसऱ्याच्या टोपलीकडं बघत होता. लटारूचं मन खट्टू झालं. चांद्याच्या साहेबापुढं आपण काय मागून आलो, हे त्याला पहिल्यांदा त्या संध्याकाळी जाणवलं, आणि मग तो विचार त्याला सोडेना.

गंमत बघा, माणसं रिकामी होती. अगदी रिकामी. चिचेच्या झाडाखाली सकाळपासून पत्ते कुटत बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, काम नाही, काय करावं. काही पोरं बल्लारशाकडं कोळशाच्या खाणीवर गेली. इसरूही गेला. फाटकावर गावोगावची इतकी माणसं जमली होती की त्याचा नंबरच लागला नाही. तो परत आला आणि चिचेखाली जाऊन बसला. तिथून पाळ दिसत होती. पाळीला पडलेल्या चिराही दिसत होत्या. इकडं हात रिकामे, तिकडं काम पडलेलं, आणि मधली चार शेतं कोणी ओलांडेना. माझं म्हणणं इतकंच आहे की, असा चमत्कार देवानंसुद्धा केला नसता.

त्याच्या पुढच्या साली तेच विकास अधिकारी पुन्हा आले. या खेपेला श्रमदानाचा सप्ताह होता. गावानं आपल्या विकासासाठी स्वतःच्या खुशीनं राबावं, पैशाची अपेक्षा ठेवू नये, असं त्यांनी भाषण केलं. गळ्यात हार घालून दोन टोपल्या माती टाकली. फोटोवाल्यानं फोटो काढला. लोक ऐकत होते. भाषण संपल्यावर मुखरू हळूच म्हणाला, "आमी फुकट करत होतो तं याइनं पैसे देल्ले. आता आमाले पैसे पायजे तं हे फुकट मागून राह्यले." सगळे खो खो हसले. साहेबही हसले, पण त्यांचे कान लाल झाले. मोटार गेली आणि लोक घरी गेले.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात कहूच्या झाडाजवळ पाळ खचली. थोडीथोडकी नाही, चांगला खांदाभर खाली बसली. त्यात उंदरांनी बिळं केलेली. लटारूनं आत हात घातला तर कोपरापर्यंत गेला. मृगाआधी ही जागा भरली नाही तर पहिल्या मोठ्या पावसात पाळ फुटणार, तलाव रिकामा होणार, खालच्या बांध्या वाळूनं भरणार. एका सालाचं धान नाही, पुढच्या पाच-सात सालांचं धान जाणार. हे त्याला दिसत होतं, आणि गावालाही दिसत होतं. रामाजी येऊन बघून गेला. मुखरूही आला. बघून चुकचुकले आणि म्हणाले, सरकारले सांगाले पायजे.

लटारूनं सरकारला सांगितलं. विकास अधिकारी स्वतः आले, त्यांनीही हात घालून पाहिला. माणूस मनाचा चांगलाच, त्याचा चेहरा उतरला. म्हणाले, "भाऊ, पैसा मंजूर होईल. पण दिवाळीनंतर."

"पाऊस थांबल का साहेब तवरीक?"

साहेबांनी हाताची माती झटकली आणि ते मोटारीकडं निघाले.

लटारू घरी आला आणि गोठ्यात गेला. त्याची बैलजोडी चार गावांत नावाजलेली होती. पांढरे, उंच, चिखलातही न अडखळणारे. इसरूपेक्षा त्यानं त्यांचे लाड जास्त केले होते, असं कमळा म्हणायची. तो बराच वेळ तिथं उभा राहिला. कमळा दारात आली. त्याच्या तोंडाकडं पाहून तिला कळलं.

"नाई," ती म्हणाली. "मी सांगून राह्यली, नाई. साऱ्या गावची पाळ आन् आपलेच बैल काऊन?"

"पाळ फुटली तं बैल कायले पायजे? वाळू नांगराले?"

"मंग फुटू द्या. सगळ्याइची फुटल. सगळ्याइचं होईल ते आपलं होईल."

"मीच त्याइले पैशाची सवय लावली वं." एवढा मोठा बाप्या, मालगुजारासमोर कधी वाकला नाही, तो बैलाच्या पाठीवर कपाळ टेकून रडला. कमळाही रडली. मग ती आत गेली आणि तिनं बैलांसाठी तांदळाची कणी शिजवायला ठेवली, कारण उद्या त्यांना लांब चालायचं होतं.

बैल विकले गेले. कोतवालानं डफ वाजवला आणि गावात ओरडून सांगितलं, पाळीवर काम निघालं हो, रोजी मिळणार. त्या दिवशी चिचेखाली एक माणूस उरला नाही. सगळे आले, शेजारच्या गावचेही आले. फावडी आली, टोपल्या आल्या, बाया आल्या. मात्र कामाला हात लावण्याआधी रामाजी पुढं झाला. त्याला जरा संकोच वाटत होता, पण तो बोलला.

"लटारूभाऊ, दुष्काळाच्या सालचा भाव औंदा चालनार नाई. तांदूळ कुठी गेला पाहा. तेल पाहा. त्यावेळच्या रोजीत आता अर्धं पोटबी भरत नाई."

त्यात काही खोटं नव्हतं. वस्तूंचे भाव वाढलेच होते, लटारूच्या घरचंही मीठ त्याच बाजारातून येत होतं. त्यानं रोजी वाढवून दिली. एवढं मात्र खरं की माणसं मन लावून राबली. कोणी अंगचोरपणा केला नाही. गाळ खणला, बिळं फोडली, माती भरली, तुडवली. मुखरूच्या हाताला फोड आले तरी तो थांबला नाही. कवठबोडीची माणसं वाईट नव्हती हो. मी कितीही रागावून सांगितलं तरी वाईट नव्हती.

रोज संध्याकाळी लटारू पाळीवर बसायचा आणि माणसं ओळीनं येऊन रोजी घ्यायची. नवे पैसे नुकतेच निघाले होते. आण्याचे किती हे कोणाला नीट कळत नव्हतं, तरी आपल्याला कमी मिळू नये एवढं प्रत्येकाला कळत होतं. शेवटच्या दिवशी ओळीत इसरू उभा होता. लटारूला वाटलं, मदतीला आला असेल. इसरूनं हात पुढं केला.

"तूबी?"

"मी काई कमी माती टाकली का बा?" इसरू खाली बघत म्हणाला. "साऱ्याइले देऊन राह्यले. मले काऊन नाई?"

लटारूनं त्याच्या हातावर रोजी ठेवली. इतरांना दिली तेवढीच. बापलेकांनी एकमेकांकडं पाहिलं नाही.

मृग लागला, आर्द्रा लागल्या. एकदा तीन दिवस झड लागून राहिली. तलाव काठोकाठ भरला, सांडव्यावरून धो धो पाणी पडू लागलं. लटारू घोंगडं पांघरून पाळीवर बसून होता. कहूच्या झाडाजवळ पाणी येऊन टेकलं आणि तिथंच राहिलं. पाळ टिकली. गावात आनंदीआनंद झाला. रोवणे सुरू झाले, प्रत्येक बांधीत पाणी पोचलं. लटारूच्याही पोचलं, पण त्याच्याकडं चिखल करायला बैल नव्हते. मुखरूनं आपली जोडी दिली, स्वतःची बांधी आटोपल्यावर आणि भाड्यानं. भाडं मागताना त्याची जीभ अडखळली, पण भाडं त्यानं सोडलं नाही. लटारूचं धान उशिरा लागलं आणि पातळ आलं. कमळा दुसऱ्यांच्या कापणीला जाऊ लागली. बैलांचे पैसे म्हणाल तर ते कधीच गावातून सावलीच्या दुकानांत गेले होते. तेल-मीठ होऊन गेले, आणि ते तेल-मीठ आता आणखी महाग झालं होतं.

पुढचा वैशाख आला. लटारू कोणाच्या दारात गेला नाही. सकाळी तो अंगणात दोरी वळत बसला होता तेव्हा माणसंच त्याच्या दारात आली. मुखरू, रामाजी, बाकीचे दहाबारा जण. पोरं मागं उभी. कमळा दाराआड उभी राहिली. तिला क्षणभर वाटलं, गावाला कळलं. गाव आलं. तिचे डोळे भरून आले.

"या, बसा," लटारू म्हणाला.

कोणी बसलं नाही. मुखरू पुढं झाला. त्याच्या आवाजात आदर होता, अगदी खरा आदर, जसा पूर्वी गुणवंतरावांपुढं असायचा.

"भाऊ, औंदा काम कधी काढता? नाई म्हनजे, पाळ जरा सांडव्याकडून घसरून राह्यली. आमी मोकळे हाओत. आन् भाव तं तुमाले माईतच हाय, तवा रोजी थोडी..."

दोरीचा पीळ लटारूच्या बोटांत तसाच राहिला. तो त्या सगळ्यांकडं बघत राहिला. त्याला राग येईल, तो शिव्या देईल, असं कमळाला वाटलं. पण राग यायलाही अंगात काही उरावं लागतं.

"मह्याकडं आता काई नाई गा मुखरू," तो हळू म्हणाला. "मीबी कामाच्याच तपासात हाओ. कोनी काढलं तं मलेबी सांगजा."

मग रामाजी म्हणाला, "हो भाऊ, सांगतो ना," आणि माणसं चिचेच्या झाडाकडं निघाली. लटारूनं दोरी बाजूला ठेवली, पायात वहाणा घातल्या आणि तोही त्यांच्यामागून जाऊन तिथं बसला.